'लॅप्स' झालेली झाशी

डिसेंबर संपत आला की कचेऱ्यांमध्ये रजांची मोजदाद सुरू होते. "माझ्या चार सीएल शिल्लक आहेत, लॅप्स होतील." मार्च उजाडला की हाच शब्द जिल्हा परिषदेत जाऊन बसतो. रस्त्याचा निधी, शाळेच्या खोल्यांचा निधी, पाणीपुरवठ्याचा निधी ३१ तारखेच्या आत खर्च झाला नाही, तर 'लॅप्स' होणार. विम्याचा हप्ता चुकला की पॉलिसी लॅप्स होते. रजा, निधी, पॉलिसी या सगळ्यांना आपण 'लॅप्स होणे' असेच म्हणतो. 'लॅप्स करणे' सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. गोष्ट आपोआप होते. कुणी ती केली, हा प्रश्न वाक्यात शिल्लकच राहत नाही.

इंग्रजीतही या शब्दाचा हाच स्वभाव आहे. आणि या स्वभावाच्या आधाराने १८५४ साली एक अख्खे संस्थान गेले. झाशीचे.

शब्द मूळचा लॅटिन. 'लाप्सुस' म्हणजे घसरणे, पाय निसटणे, ओघळणे. इंग्रजीत त्याची पुष्कळ भावंडे आहेत. इमारत किंवा सरकार कोसळते ते 'कोलॅप्स', बरा झालेला आजार उलटतो तो 'रिलॅप्स', काळ सरतो तो 'इलॅप्स'. एकट्या 'लॅप्स'चेही अर्थ थोडे नाहीत. नाव आठवत नाही, तो स्मृतीचा लॅप्स. मंत्र्याच्या सभेत कुणी व्यासपीठावर चढले, तर वर्तमानपत्रे सुरक्षेतला लॅप्स म्हणतात. तासाभराचा सूर्यास्त अर्ध्या मिनिटात दाखवणारे मोबाइलमधले 'टाइमलॅप्स' आता आजीआजोबांनाही ठाऊक आहे. हवामानशास्त्रात उंचीबरोबर तापमान ज्या प्रमाणात उतरते त्याला 'लॅप्स रेट' म्हणतात. सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जाताना अंगाला जो फरक जाणवतो, तो या लॅप्सचाच.

धर्माच्या इतिहासात शब्दाला कलंकाची छटा आली. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी रोमच्या देवांना आहुती द्यावी असा हुकूम काढला. जे ख्रिस्ती भीतीपोटी नमले त्यांना त्यांचेच धर्मबंधू 'लाप्सी' म्हणू लागले, म्हणजे घसरलेले. छळ ओसरल्यावर या घसरलेल्यांना परत घ्यायचे की नाही, यावरून चर्चमध्ये मोठा वाद झाला.

आपल्या कामाचा अर्थ मात्र इंग्लंडच्या कायद्यात घडला, तोही चर्चच्याच अंगणात. एखाद्या गावच्या चर्चवर धर्मगुरू नेमण्याचा हक्क तिथल्या जमीनदाराकडे असे. जागा रिकामी झाल्यावर त्याने सहा महिन्यांत नेमणूक केली नाही, तर हक्क 'लॅप्स' होऊन बिशपकडे जाई. बिशपनेही सहा महिने घालवले तर आर्चबिशपकडे, आणि त्यानेही घालवले तर राजाकडे. इंग्रजी कायद्याचा अठराव्या शतकातला नामांकित भाष्यकार ब्लॅकस्टोन हा प्रकार हक्क गमावण्याच्या प्रकारांत बसवतो. कारण काय, तर हक्कदाराची हयगय. मुदत असते, ती चुकते, म्हणून हक्क वर सरकतो. आपली पॉलिसीही याच न्यायाने चालते. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला साधारण तीस दिवसांची आणि मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची सवलत असते. तीही उलटली तरच ती लॅप्स होते. त्यानंतरही ठरावीक वर्षांच्या आत थकलेले हप्ते व्याजासह भरून ती पुन्हा जिवंत करता येते.

हयगय, मुदत आणि वरच्याचा हक्क, हे तीन धागे लक्षात ठेवून आता झाशीला जाऊ.

झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधला. बुंदेलखंडात मराठे आले ते छत्रसालाच्या मदतीला धावलेल्या बाजीरावामुळे. पुढे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी झाशीला शहराचे रूप दिले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुभेदारी नेवाळकरांकडे आली. घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडचे. एक शाखा खानदेशात पारोळ्याला होती. झाशीचे सुभेदार नावाला पेशव्यांचे, पण पुण्यापासून इतके लांब की कारभार जवळजवळ स्वतंत्रच. १८०४ मध्ये शिवरावभाऊंनी इंग्रजांशी मैत्रीचा करार केला. जून १८१७ मध्ये पुण्याच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला बुंदेलखंडातले आपले हक्क ईस्ट इंडिया कंपनीला सोडून द्यावे लागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने झाशीशी नवा तह केला. शिवरावभाऊंचे नातू रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याकडे झाशीचे राज्य वंशपरंपरेने राहील, असे त्यात लिहून दिले. १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने रामचंद्ररावांना 'महाराजाधिराज' ही पदवीही दिली.

रामचंद्रराव १८३५ मध्ये निपुत्रिक वारले. मागे दत्तकाचा दावा होता, तो कंपनीने मानला नाही. पण राज्य खालसाही केले नाही. ते चुलते रघुनाथरावांना दिले आणि त्यांच्यानंतर १८३८ मध्ये गंगाधररावांना. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांना १८५१ मध्ये झालेला मुलगा काही महिन्यांतच गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांचे दुखणे विकोपाला गेले. २० नोव्हेंबरला त्यांनी नेवाळकर कुळातल्याच वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव याला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. वय पाच वर्षांच्या आसपास. समारंभाला कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हजर होते. गंगाधररावांनी एलिसच्या हाती खरीता, म्हणजे औपचारिक पत्र, दिला: दत्तकाला मान्यता द्यावी आणि मुलगा मोठा होईपर्यंत कारभार आपल्या पत्नीकडे असावा. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला ते वारले.

यात हयगय कुठे आहे? धर्मशास्त्राप्रमाणे विधी झाला, मुलगा त्याच कुळातला, कंपनीचे साक्षीदार समोर, अर्ज लेखी. इंग्लंडमधल्या त्या आळशी जमीनदाराने सहा महिने घालवले होते. गंगाधररावांनी एक दिवसही घालवला नाही. मग लॅप्स झाले ते काय?

राजा निपुत्रिक वारला आणि दत्तकाला कंपनीने मंजुरी दिली नाही, की राज्य लॅप्स होऊन कंपनीकडे जाते, हा सिद्धांत गव्हर्नर जनरल डलहौसीने शोधून काढला, अशी आपली शाळेपासूनची समजूत. ती तितकीशी बरोबर नाही. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी १८३४ मध्येच, दत्तकाला मंजुरी देणे ही मेहरबानी आहे आणि ती नियम म्हणून नव्हे तर अपवाद म्हणून द्यावी, असे लिहून ठेवले होते. झाशीशेजारचे जालौन, म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांच्या वंशजांचे राज्य, १८४० मध्ये याच वाटेने गेले. कुलाब्याचे आंग्रेही डलहौसी येण्याआधीच गेले होते. डलहौसीने काय केले, तर अपवादाला फारशी जागा ठेवली नाही आणि नियम झपाट्याने राबवला. १८४८ मध्ये सातारा, १८४९ मध्ये जैतपूर आणि संबलपूर, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर. यातली सातारा, झाशी आणि नागपूर ही तिन्ही मराठी राज्ये. म्हणून हा इतिहास बंगाल्यापेक्षा किंवा पंजाब्यापेक्षा आपल्याला अधिक झोंबतो.

न्यायाने पाहायचे तर हेही सांगितले पाहिजे की दत्तकाला वरिष्ठ सत्तेची संमती लागते, ही कल्पना कंपनीने आकाशातून आणलेली नव्हती. पेशवाईतही सरदाराच्या मागे दत्तक बसला की नजराणा भरून सरकारची मान्यता घ्यावी लागे आणि सरंजाम तर मुळात सरकारने परत घेण्याजोगाच असे. पण नजराणा घेऊन मान्यता देण्याची ती रीत होती. मान्यता नाकारून राज्यच गिळायचे, हा त्या रीतीचा अर्थ कंपनीने लावला.

डलहौसीने संस्थानांची तीन वर्गांत विभागणी केली. कुणालाही कधी खंडणी न देणारी स्वतंत्र राज्ये. पूर्वी दिल्लीच्या बादशहाला किंवा पेशव्यांना मानणारी आणि आता इंग्रजांना मानणारी राज्ये. आणि इंग्रजांनी स्वतः सनद देऊन निर्माण केलेली किंवा पुन्हा उभी केलेली राज्ये. पहिल्या वर्गाच्या दत्तकाबाबत बोलण्याचा कंपनीला अधिकार नाही, दुसऱ्याला संमती लागेल, तिसऱ्याला ती मिळू नये. झाशी त्याने तिसऱ्या वर्गात टाकली. शेजारच्या ओरछाचा दत्तक मान्य झाला होता, पण ओरछा जुने राज्य, असे म्हणून तो दाखला बाजूला सारला. खुद्द एलिसचे मत राणीच्या बाजूचे होते. १८०४ चा करार झाला तेव्हा शिवरावभाऊ झाशीच्या गादीवर बसलेलेच होते, मग १८१७ मध्ये इंग्रजांनी निर्माण तरी काय केले, हा साधा प्रश्न होता. त्याचे समाधान होईल असे उत्तर डलहौसीच्या टिपणात नाही.

लक्ष्मीबाईंची लढाई आपल्याला घोड्यावरची ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी एक लढाई कागदावर दिली आणि ती शब्दांच्या अर्थावरून होती. ३ डिसेंबर १८५३ आणि १६ फेब्रुवारी १८५४ च्या खरीत्यांत त्यांनी ओरछा-दतियाचे दाखले दिले. दुसऱ्या खरीत्यात त्या थेट १८१७ च्या तहाच्या फारसी मजकुरावर बोट ठेवतात. तहात दोन शब्द आहेत: 'वारिसान' आणि 'जानशीनान'. राणीचे म्हणणे असे की वारिस म्हणजे रक्ताचा किंवा भाऊबंदकीतला वारस; जानशीन म्हणजे जागी बसणारा, रक्ताचा वारस नसेल तेव्हा दत्तक येऊन गादीवर बसतो तो. दोन्हींचा अर्थ एकच असता तर तहात दोन शब्द कशाला घातले असते? तह काही घाईघाईत खरडलेली चिठ्ठी नव्हे, त्यातला प्रत्येक शब्द तोलून घातलेला असतो. हा युक्तिवाद आजच्या कुठल्याही उच्च न्यायालयात उभा राहील इतका पक्का आहे. माझ्या मते झाशीच्या सगळ्या कागदपत्रांत याच्या तोडीचे दुसरे काही नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत नेमके तेच आढळत नाही.

निर्णय २७ फेब्रुवारी १८५४ ला झाला. डलहौसीच्या टिपणात कायद्याच्या चर्चेबरोबर आणखी एक कारण येते: झाशी इंग्रजी जिल्ह्यांच्या मधे आहे, ती हाती आली तर बुंदेलखंडचा कारभार सुधारेल. म्हणजे राज्य नुसते घसरून पडत नव्हते, घेणाऱ्याला ते हवेही होते. मार्चमध्ये खालशाचा जाहीरनामा झाशीत लागला. राणीला दरमहा पाच हजार रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले. त्यांना किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात, आजच्या राणी महालात, राहायला जावे लागले. जॉन लँग या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलाला त्यांनी सल्ल्यासाठी झाशीला बोलावून घेतले, लंडनपर्यंत दाद मागितली. संचालकांनी निर्णय कायम ठेवला.

यानंतर जे झाले त्यात या शब्दाचा सगळा लबाडपणा उघडा पडतो. खाजगी मालमत्तेपुरता हा दत्तक कंपनीने कायदेशीर मानला. म्हणजे दामोदरराव गंगाधररावांचे पुत्र होते, त्यांच्या खाजगी संपत्तीचे धनी होते, पण गादीचे वारस नव्हते. ती संपत्तीही हातात दिली नाही; मुलगा सज्ञान होईपर्यंत सरकारी खजिन्यात ठेवली. दामोदररावांच्या मुंजीसाठी त्यातलेच एक लाख रुपये काढायचे तर राणीला जामीन द्यावे लागले. आणि गंगाधररावांच्या काळचे कर्ज? ते राणीच्या निवृत्तिवेतनातून फेडायला सांगण्यात आले. राज्य लॅप्स झाले, कर्ज मात्र झाले नाही.

इंग्रजी कागदांत या सगळ्याला कर्ता नाही. झाशी कंपनीने घेतली असे वाक्य येत नाही. झाशी 'लॅप्स झाली' असे येते, जणू संध्याकाळ झाली. आपल्या भाषांनी मात्र हे निनावीपण स्वीकारले नाही. मराठीने शब्द वापरला 'खालसा'. तो मुघल महसुलाच्या भाषेतला. ज्या जमिनीचा वसूल थेट सरकारी खजिन्यात जातो ती खालसा. म्हणजे पैसा कुणाच्या घरात गेला, ते शब्दातच आले. शिवाय संस्थान खालसा 'केले' जाते आणि करणारा समोर उभा राहतो. झाशीत आणि एकूण हिंदी मुलखात शाळेतली मुले तर याला 'हडप नीती' म्हणून शिकतात. तिथल्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'व्यपगत का सिद्धांत' असा भारदस्त पर्याय असतो, पण बोलताना हडपच. कायद्याच्या मराठीतही 'व्यपगत होणे' आहे. तो शब्द वापरणारा माणूस कचेरीबाहेर मला अजून भेटायचा आहे. आणि 'मी माझी झाशी देणार नाही' हे राणीच्या तोंडचे म्हणून जे वाक्य घराघरांत पोचले, त्यातले क्रियापद 'देणे' आहे. देणार नाही म्हणायला मागणारा कुणीतरी असावा लागतो. राज्य आपोआप जात नसून कुणी ते मागते आहे, हे त्या एका नकारात आले.

१८५७-५८ मध्ये काय झाले ते इथे पुन्हा सांगायला नको. पण उठावानंतर लॅप्सच्या सिद्धांताचे काय झाले, ते फारसे सांगितले जात नाही. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने संस्थानिकांचे हक्क जपण्याचे वचन दिले आणि लॉर्ड कॅनिंगने पुढच्या चार वर्षांत संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. निपुत्रिक राजाने घेतलेला दत्तक यापुढे मान्य होईल, असे त्यात लिहून दिले होते. १८६७ मध्ये म्हैसूरचा दत्तक मंजूर झाला आणि १८८१ मध्ये ते राज्य राजाकडे परतही गेले. जो नियम अटळ म्हणून झाशीला लावला, तो आठ वर्षांत गुंडाळून ठेवता आला.

झाशीला याचा काही उपयोग झाला नाही. शहर आणि किल्ला इंग्रजांनी इनाम दिल्यासारखा शिंद्यांना देऊन टाकला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतला. दामोदररावांना खजिन्यातली ठेव मिळाली नाही. इंदूरला राहून दरमहा दोनशे रुपयांच्या निवृत्तिवेतनावर त्यांनी आयुष्य काढले आणि १९०६ मध्ये तिथेच ते वारले.

याच शब्दाने पुढे इंग्रजांचीही पाठ धरली. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरचे ब्रिटिश राजाचे अधिराज्य संपवले, आणि तिथले क्रियापद 'लॅप्स' हेच आहे. पाचशेहून अधिक संस्थानांवरची सत्ता १५ ऑगस्टला लॅप्स झाली. ती वारसाने भारताकडे आली नाही. म्हणून तर वल्लभभाई पटेल आणि व्ही. पी. मेनन यांना एकेका राजाकडून सामीलनाम्यावर सही घेत फिरावे लागले. झाशीचे शेजारी ओरछा आणि दतिया १९४८ मध्ये विंध्य प्रदेशात गेले.

राज्यघटनेनेही हा शब्द ठेवला आहे. अनुच्छेद १०७ प्रमाणे लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयके लॅप्स होतात. लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत पडून असलेलीही होतात. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेले विधेयक तेवढे वाचते. तरतूद सोयीची आहे, नव्या सभागृहाने जुन्यांचे ओझे का वाहावे? पण एखादे विधेयक नको असेल आणि तसे बोलून दाखवायचे नसेल, तर याहून सोपी वाट नाही. महिला आरक्षणाचे विधेयक १९९६, १९९८ आणि १९९९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि तिन्ही वेळा लॅप्स झाले. चौथे २००८ मध्ये राज्यसभेत मांडले. ९ मार्च २०१० रोजी ते १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर होऊन लोकसभेकडे गेले आणि तिथे चार वर्षे पडून राहिले. २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही लॅप्स झाले. लोकसभेत त्याच्या विरोधात एकाही खासदाराला मत द्यावे लागले नाही. पाचवे विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर होऊन १०६ वी घटनादुरुस्ती झाली, पण त्यातल्या जागा जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच राखीव होतील, अशी अट त्याच कायद्यात घातलेली आहे.